हळदीच्या गाण्याचे चार सूर

रविवार, सायंकाळ

पायाने पेडल दाबून सूर चढवायच्या माझ्या पेडल स्टील गिटारवर पुढचे गाणे कोणते शिकावे, आजही ठरले नाही. माझी पद्धत सरळ आहे: ज्या गाण्यात पेडलवरच्या डाव्या पायाला नवे काम मिळेल, तेच घ्यायचे. बायकोने, सुनंदाने, हळदीचे गाणे सुचवले. मी तिला समजावले, त्यात अवघे चार सूर, शिकण्यासारखे काय?

"अहो, गाणं निवडता का पायाचा व्यायाम? पोरगी पुढच्या महिन्यात बजाजनगरला सासरी चालली. तिच्या हळदीला काय वाजवणार, व्यायाम?"

वाजवून पाहिले. पेडल दाबताच सूर झटकन चढला. सुनंदा गाते तेव्हा तो रेंगाळत चढतो. पुन्हा दाबले, पुन्हा झटकन.

"लई घाई तुम्हाला!"

घाई? मला? पोरीला पाठवायची तर मुळीच नाही. मग हा पाय ऐकत का नाही?