दोघांचं ऐकणारं घड्याळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली असल्यामुळे सध्या उभ्यानेच घालतो आहे, तू आडवा समजून घे). तुझी सर्दी, भावोजींचा गुडघा आणि भाचीचा अभ्यास यांपैकी जे जे सुधारण्यासारखं आहे ते सुधारलं असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे बरे आहेत. बाबाही आता बरे आहेत, आणि या वाक्यातला 'आता' तुला खटकणार हे ठाऊक असल्यामुळेच पत्र लिहायला बसलो. परवा फोनवर तू विचारलंस, बाबा जिन्यात का बसून राहिले, आणि मी 'सांगतो' म्हणून फोन ठेवला. कारण उत्तर लांबलचक आहे आणि तू मध्ये बोलतेस. पत्रात मध्ये बोलता येत नाही. (पत्राचा हा गुण लोक विसरत चालले आहेत.)

तर आधी माझ्या ऑफिसातलं. कंटाळू नकोस, जिन्याकडे जायची वाट तिथूनच आहे. माझी नोकरी तू लोकांना 'हवामानाचं काहीतरी' अशी सांगतेस. माझं काम आकाशातली वीज नेमकी कुठे पडली ते सांगण्याचं. टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर, एका शाळेच्या गच्चीवर आमच्या काठ्या उभ्या आहेत आणि प्रत्येक काठीखाली एक कॉम्प्युटर आहे. वीज पडली की तिची चाहूल प्रत्येकाला किंचित वेगळ्या वेळी लागते. त्या फरकावरून जागा काढायची. हिशोब साधा आहे, फक्त सगळ्यांची घड्याळं एक हवीत. एक म्हणजे किती एक? सेकंदाचे दहा लाख तुकडे कर. त्यातला एक तुकडा इकडचा तिकडे झाला की वीज तीनशे मीटर सरकते. म्हणजे तुझ्या दारातली वीज आम्ही बाजारात पाडतो.

आता कॉम्प्युटरच्या पोटातलं घड्याळ हा आपल्याच घराण्यातला नमुना आहे. खोली तापली की एक चाल, गार झाली की दुसरी, आणि स्वतःला कायम बरोबर समजायचं. म्हणून मी पुष्कळ नाकदुऱ्या काढून यंदा नवी कार्डं मंजूर करून घेतली. नेटवर्कची वायर ज्यात खुपसतात ते कार्ड, पण याला स्वतःचं घड्याळ असतं. गच्चीवरच्या अँटेनाकडून वायरीने उपग्रहाची वेळ येते, कार्ड ती दारातच टिपून घेतं आणि आपलं घड्याळ अगदी चोख ठेवतं. पण नुसतं कार्ड चोख असून भागत नाही. काम करायचं कॉम्प्युटरने, आणि तो बघणार आपल्याच घड्याळात. म्हणून दोघांच्या मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. तो सारखा दोघांनाही विचारत राहतो, तुझ्यात किती, तुझ्यात किती, आणि कॉम्प्युटरला हळूच कार्डाच्या जोडीला आणतो. काटा धरून फिरवत नाही, हं. जरा दमानं घे, जरा पाय उचल, एवढंच. आईची पद्धत. आई बाबांना कधी 'उशीर झाला' म्हणाली नाही, नुसत्या चपला दाराशी नेऊन ठेवायची. बाबा निघायचे. ती गेल्यापासून तसं सांगणारं त्यांना कोणी उरलं नाही. आपण दोघं आहोत, पण त्याबद्दल पुढे.

कार्डं बसली आणि साहेबांना उत्साह चढला. आधी आम्ही 'उत्तरेकडे कुठेतरी पडली' असं सांगायचो आणि कोणाची तक्रार नव्हती. आता साहेबांनी विजेच्या तारा ओढणाऱ्या कंपनीला शब्द दिला की आम्ही खांबापर्यंत नेमकं सांगू. आमचा नकाशा बघून त्यांची माणसं खांबावर चढणार, आमचा नकाशा बघून उतरणार. पहिल्याच वादळात आमच्या नकाशावर एक वीज तळ्याच्या मधोमध पडली, दुसरी समुद्रात आणि तिसरी आमच्याच ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. वादळ लांब होतं, आमच्या बाहेर लख्ख ऊन होतं. साहेब तरीही टेबलाखाली गेले (नकाशावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त). तेवढ्यात चौथी पडली ती थेट खांबवाल्यांच्या खांबावर, आणि त्यांच्या मुकादमाचा फोन आला. शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या नकाशावर आम्ही सगळे आत्ताच मेलोय. काम चालू ठेवू का?"

या वाक्यावर मी अजून हसलेलो नाही. उलट चूक झाली असती तर फोन करायला तो उरला नसता. मी त्यांना तडक खाली उतरवलं, आमच्या नकाशावर विसंबू नका म्हणून सांगितलं आणि शोधाला लागलो. पहिला आळ कबुतरांवर घेतला. ती अँटेनावर बसतात. मी गच्चीवर जाऊन टाळ्या वाजवल्या, आणि माझी पाठ धरली ती तिथेच. मग कार्डं काढून पुसली, वायरी बदलल्या, खोली गार केली, इतकी गार की साहेब कानाला मफलर गुंडाळून बसले. घड्याळ मात्र कधी पुढे, कधी मागे, भोवरा निजण्याआधी डुलतो तसं डुलतच होतं. शेवटी सापडलं ते असं. माझ्या आधीच्या माणसाने, नवी कार्डं येण्याच्या कितीतरी आधी, एक जुना प्रोग्रॅम लावून ठेवला होता. तो इंटरनेटवरून दूरच्या एका घड्याळाला वेळ विचारून कॉम्प्युटरला दुरुस्त करायचा. तो बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझा प्रोग्रॅम कार्डाकडे बघून ओढणार, जुना दूरच्या घड्याळाकडे बघून ओढणार, आणि दोघंही आपापल्या नोंदीत लिहिणार, 'चूक आढळली, दुरुस्त केली.' दुसऱ्याची दुरुस्ती हीच प्रत्येकाची चूक. घड्याळात बिघाड काहीच नव्हता, ताई. ते बिचारं दोघांचंही ऐकत होतं.

जुना बंद केला. घड्याळ ठिकाणावर आलं. आणि त्याच संध्याकाळी बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा फोन आला, की बाबा जिन्यात खाली बसलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात.

मी पोचलो तेव्हा ते शिंप्याच्या दुकानात, शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत बसले होते. मोडलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार खाली गेला, त्याची गोळी दुप्पट झालेली दिसते. वर घरी नेलं. पलंगाखाली त्यांची बॅग अर्धी भरलेली (तू म्हणतेस माझ्याकडे या, ते भरतात, मी म्हणतो माझ्याकडे या, ते काढून पुन्हा भरतात). भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं, ते मी सवयीने लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे. मग गोळीचं विचारलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "ताई म्हणाली सकाळी घ्या, तू म्हणालास रात्री. दोघंही माझ्या भल्याचंच सांगता. एकाला नाही कसं म्हणायचं? दोन्ही घेत होतो."

मला खूप रडू आलं. ते मी मोरीत जाऊन उरकलं.

हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही (पहिल्या मसुद्यात दिला होता, तो फाडला). भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा, अजूनही धाकटाच

ता. क. : खरं मागणं राहिलंच. आपल्यापैकी एकाने बंद व्हायचं आहे. विचार करून ठरवलं की गोळी, चालणं, बॅग हे सगळं इथून पुढे तूच सांगायचं. तुझं बरोबर आहे म्हणून नव्हे (डॉक्टर म्हणाले, सकाळ काय, रात्र काय, एकच वेळ धरा), तर तू काही बंद होणार नाहीस म्हणून.

ता. क. २ : बाबांना हे कळवलं. ते म्हणाले, औषधाचं एकीनेच सांगा, बरं होईल. पण फोन दोघांनी करा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आधी त्यांना फोन केला. ठरल्याप्रमाणे गोळीचं, चालण्याचं, बॅगेचं काही काढलं नाही. तर ताई, बोलायला काही उरलंच नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, तुझ्याकडे किती वाजले? मी घड्याळात बघून सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ते भिंतीपर्यंत जाऊन आले असावेत. मग म्हणाले, "माझ्याकडेही तेवढेच." त्यांचं ते घड्याळ मागे आहे, तुलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "हो बाबा, तेवढेच."