घर, द्राक्षवेल आणि हनुवटीखालची गाठ

मी, मुकर्रम हकीमोवा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त ट्रॉलीबसचालक, राहणार खुजंद, ताजिकिस्तान, ही माझी शेवटची इच्छा राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारी एकच बाई होती, माझ्या सासूबाई, आणि त्या केव्हाच अल्लाघरी गेल्या.

१. राहतं घर, अंगणातल्या द्राक्षवेलीसह, माझा मुलगा मन्सूर, शाळेचा मुख्याध्यापक, याला मिळावं. मात्र पुढची अट पाळली तरच.

२. माझ्या मयत मुलीची मुलगी निगोरा त्याच शाळेत शेवटच्या वर्गात आहे. तिला डॉक्टर व्हायचं आहे. ती डोक्याचा रुमाल हनुवटीखाली बांधते, म्हणून सख्ख्या मामाने तिला फाटकावरून परत पाठवलं. गाठ मानेमागे असली की आपली परंपरा, हनुवटीखाली आली की परका पेहराव, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "आणि तुझ्या गळ्यातला टाय कुठल्या आजोबांचा रे?"

"आई, तुम्ही यात पडू नका. वरून सरकारी आदेश आहे."

पोरगी हिवाळ्यापासून घरात बसून पुलावाची गाजरं चिरते आहे. ती आहे त्या रुमालात परीक्षेला बसली, तर घर मन्सूरचं. नाहीतर वेलीसकट निगोराचं.

३. कोणी गैरसमज करून घेऊ नये. मला तो रुमाल मुळीच आवडत नाही. चहा गरम राहावा म्हणून किटली गुंडाळतात ना, तशी दिसते ती त्यात. मी तोंडावर सांगितलं. तर म्हणाली, "आजी, तू उघड्या डोक्याने गाडी चालवायचीस, तेव्हा कुणाचं ऐकलंस?" कार्टी माझ्यावरच गेली आहे.

४. मयताच्या जेवणात मांस कमी घालून माझं नाव घालवू नये.

५. पेटीतला पांढरा मलमलचा रुमाल कुणालाही देऊ नये. मी केस कापून नोकरीला लागले, तेव्हा सासूबाई तो घेऊन बाजाराच्या थांब्यावर गाडीसमोर उभ्या राहिल्या होत्या. "डोकं झाक, नाहीतर घाल गाडी माझ्या अंगावर!" मी भोंगा वाजवत बसले, उतारू आम्हा दोघींना शिव्या देत बसले. शेवटी त्यांनी रुमाल खिडकीतून आत फेकला. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाचा डबा त्यांनीच भरून दिला.

६. बाईच्या कफनात डोक्यासाठी वेगळं कापड लागतं. माझ्यासाठी तोच रुमाल वापरावा. जिंकल्या म्हातारबाई! तो निगोराने बांधावा, हनुवटीखालून. कबरस्तानाची वाट शाळेवरूनच जाते. खांदा मन्सूरने द्यावा आणि फाटकाशी थांबावं. मन्सूर, या कफनात परक्या पेहरावात तुझी आई आहे. मला शाळेत घेतलं नाहीस तरी चालेल रे, माझं शिकून झालंय. तिला घे.

७. याची प्रत मन्सूरला आजच द्यावी. मी मरायची वाट बघू नये, परीक्षा मे महिन्यात आहे.

खुजंद, २० मार्च, नवरोजची आदली दुपार.

सही: मुकर्रम हकीमोवा

साक्षीदार:
बोझोरगुल, शेजारीण. आमचं भांडण आहे, पण सही खरी आहे.
होलमुरोद, शाळेचा पहारेकरी. सही करून म्हणाला, "मावशी, नवरोजची सुट्टी संपली की पोरीला पाठवा. फाटकाची किल्ली माझ्याकडेच असते."