रक्षकाच्याच पोटात

आई, तुझ्यावर चिडून लिहितेय, हे आधीच सांगते. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता मोठी आहे, तेव्हा मला तो हक्क आहे. झालंय असं, की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तपासणीत मला क्षयाचा संसर्ग निघाला. आजार नाही. खोकला नाही, ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ. जंतू नुसते दडी मारून बसलेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी घरात कुणाला टीबी होता का?" आणि मी, जी चेन्नईतल्या या प्रयोगशाळेत इतकी वर्षं हेच जंतू वाढवत आलेय, पटकन बोलून गेले, "छे, आईला धुळीची अ‍ॅलर्जी होती." तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात! जिन्यापर्यंत गेले, कपाळावर हात मारून घेतला आणि परत आत जाऊन खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

चेन्नईजवळच्या आवडी गावातलं, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर. तुझा पेला फळीवर वेगळा, ताट वेगळं, आणि तू ते उकळत्या पाण्यानं विसळून पालथं घालतेयस. मी चुकून पेल्याला हात लावते आणि तू सटकन माझ्या हातावर मारतेस. "किती वेळा सांगितलं, आईचा पेला घ्यायचा नाही!" इथे सगळेच ओठ न लावता वरून पाणी पितात, तूही तशीच प्यायचीस, तरी त्या पेल्याची केवढी ती शिवाशिव! आणि खिडकी? खिडकी मात्र त्या उकाड्यातही घट्ट बंद. का, तर शेजारच्या मामींना तुझा खोकला ऐकू जाईल. त्यांनी विचारलंच तर तू हसून सांगायचीस, "दूसी, मामी, वेरुम दूसी." नुसती धूळ. मग त्याच कोंदट खोलीत मला कुशीत घेऊन पाढे म्हणून घ्यायचीस, दादा कोपऱ्यात अभ्यास करत असायचा. अगं, भांड्यानं नाही गं पसरत तो! हवेतून पसरतो. पेला राहिला असता एकत्र तरी चाललं असतं, खिडकी तेवढी उघडायची होतीस.

बाबांवरही राग आहे. कारखान्याच्या दवाखान्यात औषध मिळत होतं, पण तिथला कागद साहेबांपर्यंत जाईल म्हणून ते तुला जॉर्ज टाउनमधल्या कुठल्याशा डॉक्टरकडे न्यायचे, जिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही. म्हणजे गोळ्या घेतल्यास की नाही, हे विचारणारंही कुणी नाही. खोकला थांबला, तू जरा भरलीस, जेवण जाऊ लागलं. मग मावशीचं लग्न निघालं, साताऱ्याला. आणि तू गोळ्या इथेच ठेवून गेलीस! कारण त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, आणि लग्नघरात सगळ्या बायकांना मिळून एकच न्हाणीघर. "कुणी पाहिलं तर?" असं तू बाबांना म्हणालीस आणि ते म्हणाले, "आता बरी आहेस की. उगाच बोभाटा नको." मी ऐकलंय ते, दारातच उभी होते. परत आल्यावरही तू त्या गोळ्यांना हात लावला नाहीस. पुढे खोकला परत आला तो तुला घेऊनच गेला.

आता ऐक, मी रोज पोरांना शिकवते ते तुलाही सांगते. श्वासातून जंतू फुप्फुसात शिरतो, तिथल्या पहाऱ्यावरच्या पेशी त्याला गिळतात. भक्षक पेशीच म्हणतात त्यांना. गिळलेला जंतू पेशीतल्या एका पिशवीत जातो, मग तिला दुसरी, जळजळीत पाचक रसांची पिशवी येऊन मिळते आणि त्याचा फडशा पडतो. इतरांचा पडतो. हा मेला त्या दोन पिशव्यांना एकत्र येऊच देत नाही. आम्ल वाढू देत नाही, पेशीचीच चरबी खातो, तिचंच लोह ओढतो आणि जी मारायला आली तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. निर्लज्ज! शरीर मग भोवती पेशींची भिंत उभारतं, तर हा आत वाढ थांबवून निपचित पडून राहतो. औषध वाढणाऱ्या जंतूंना भराभर मारतं, हे सुस्तावलेले मागे उरतात. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नसतात. एवढंच होतं, आई. हे तुला कुणी समजावून सांगितलं नाही. पण सांगितलं असतं तरी तू गोळ्या साताऱ्याला नेल्या असत्यास का? मला खात्री नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. तुला मरणापेक्षा त्या न्हाणीघराची भीती वाटत होती.

काल दादाला फोन केला. म्हटलं, तूही तपासून घे, त्याच खोलीत वाढलास. तर म्हणतो, "हळू बोल. पोरीचं लग्न ठरत आलंय. तुला काही होत नाहीये ना? मग गप बस की!" मी अशी उसळले! म्हटलं, "गप्प बसूनच आई गेली." मग हळूच म्हणाला, "मी तर सगळ्यांना आई हार्टनं गेली असंच सांगत आलोय." पन्नाशी उलटलेला माणूस, आणि आवाज शाळकरी पोराचा. शेवटी तयार झाला, म्हणाला, "जातो उद्या. पण तुझ्या वहिनीला सांगू नकोस." मी म्हटलं, तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. आणि सांगणारच आहे, हवं तर पोरीच्या होणाऱ्या सासरीही सांगेन.

हे पत्र टाकणार कुठे? इथेच टेबलावर पडून राहील. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. हे जंतू कुणाचे, ते कळायला मार्ग नाही, कामावरही लागलेले असतील. पण तुझ्या कुशीत असताना आले असतील, तर तुझ्या श्वासातून निघालेलं आणि अजून जिवंत असलेलं असं जगात तेवढंच उरलंय, आणि ते माझ्यापाशी आहे. ते मारायच्या गोळ्या आणून आठवडा झाला. लोकांना औषध चुकवू नका म्हणून ओरडणारी मी, अजून एकही घेतलेली नाही. आत्ता घेते, आई. रागावू नकोस.