चंदेरी बॉयलर आणि तुमची एक खिडकी

तीर्थरूप भावजींस,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार (या खेपेस जरा आखडता). तुमच्या समितीने सुचवलेली ती ‘एक खिडकी’ मला केवढ्याला पडली ते आधी सांगतो: झिजलेल्या चपलांचा एक जोड, चंदेरी रंगाचे डबे आणि माझी झोप. ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा रक्तदाब काबूत असेलच. माझ्या बॉयलरचा नाही, म्हणून हे पत्र.

जुन्या व्यवस्थेला तुम्ही भ्रष्टाचार म्हणता, मी घरोबा म्हणायचो. वर्षातून एकदा तपासनीस साहेब यायचे, माझ्या ऑफिसात पंख्याखाली टेकायचे, खिडकीतून बॉयलरकडे कौतुकाने बघायचे आणि सही ठोकायचे. लांबून उठून दिसावा म्हणून आदल्या दिवशी मी त्याला चंदेरी रंग मारून घ्यायचो. हा बॉयलर मी भंगारातून उचलून उभा केला, त्याच्या वाफेवर सूत रंगवायचा अख्खा कारखाना चालवला. त्याचा पत्रा म्हणजे गेंड्याचं कातडं, हे तुम्ही माझ्या तोंडून दर सुट्टीत ऐकलंय.

आता तुमच्या ‘एक खिडकी’त कोण तपासायला येणार ते म्हणे संगणक ठरवतो. त्याने धाडली एक मुलगी, माझ्या धाकटीएवढी. चहा नको म्हणाली. (सरकारी माणूस चहा नाकारतो तेव्हा समजावं, दिवस फिरले.) ऑफिसकडे ढुंकूनही न बघता ती थेट शेडमध्ये शिरली, बॉयलर पाण्याने गच्च भरायला लावला आणि म्हणाली, आता हातपंपाने दाब चढवा, कुठे गळतंय का बघू. इस्पितळाच्या चादरींचं सूत याच महिन्यात द्यायचंय. बॉयलरला सील लागलं की रंगाचे हौद थंड, ऑर्डर दुसऱ्याच्या दारात आणि माझी माणसं घरी. ती सगळी भिंतीला पाठ लावून उभी होती. एरवी एकमेकांच्या सासवांवर बोलणारी ही मंडळी त्या दिवशी दाबाच्या काट्याकडे डोळे लावून होती.

आमचा बॉयलरवाला (त्याला आम्ही इंजिन म्हणतो, बोलण्याआधी फुसफुसतो म्हणून) पंप मारत होता. काटा चढत होता. तुमच्या व्याख्यानात विकासाची रेघ अशीच वर चढते आणि लोक टाळ्या वाजवतात. इथे माझे हात एकमेकांत घट्ट अडकले होते. एवढ्यात चंदेरी रंगाला फोड आला.

“शेठ, घाम फुटला याला,” इंजिन पुटपुटलं.

“घाम तुम्हाला फुटलाय, काका,” मुलगी म्हणाली. “हे पाणी आहे.”

फोड फुटला. रंगाखालून बारीक रेघ उघडी पडली, आणि तिच्यातून पाणी शांतपणे खाली आलं, जणू वर्षानुवर्षं वाटच बघत होतं. मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, बाई, ही सुधारणा लिहिणारे आमचे भावजी.

“मग कळवा त्यांना,” ती म्हणाली, “बरं वाटेल.” आणि सील लावून गेली.

देशाची भरभराट होवो, भावजी. पण तिची सुरुवात माझ्याच शेडपासून कशाला?

आपला,
तूर्त वाफ गेलेला मेव्हणा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे: समितीत तुमचा शब्द चालतो. सुधारणा सोन्यासारखी आहे, फक्त माझी ऑर्डर जाईपर्यंत जुनी पद्धत राहू द्या. हे ताईसमोर वाचू नका.

ता. क. दुसरा. वरचं मागणं विसरा. वेल्डर आत्ताच भेगेचा तुकडा कापून देऊन गेला. त्या बाजूला ऊब असते म्हणून माणसं तिथेच डबा खायला बसतात. पत्रा माझ्या बोटांनी वाकला.