कावळ्यासमोर न बोललेलं

आई,

आधी 'प्रिय' लिहिणार होते, हात वळला नाही. परवा तुमचं वर्षश्राद्ध. विंचूरहून तुमची लेक सुनंदाताई येणार आणि पंगतीत पुन्हा तेच काढणार. म्हणून आधी तुमच्याशी भांडून घेते.

आठवतं का रामकुंडावरचं? तुम्हाला काय आठवणार म्हणा! दहाव्याला पिंड मांडले आणि कावळे समोरच्या भिंतीवर ढिम्म बसून राहिले. तुमच्या मुलाने हात जोडले, "आई, नातीचं लग्न थाटात करीन." एकही हलला नाही. मग ताई सगळ्यांदेखत माझ्याकडे वळल्या. "वहिनी, माफी मागा. आईला आठ दिवस परक्यांत टाकलं तुम्ही, तिथंच तिचा जीव अडकलाय. लय पाप हाय ते."

माफी न मागता मी उभी. दीड तास, उन्हात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

टाकलं म्हणे! साडेचार वर्षं तुम्हाला आंघोळ कोणी घातली? "ही बाई माझ्या बांगड्या चोरते," असं गॅलरीतून ओरडून कोणाची अब्रू काढलीत? तुमचा मुलगा एकलहऱ्याच्या वीजप्रकल्पात पाळीवर. लेक महिन्यातून एकदा दोन तास, द्राक्षं घेऊन. तिला म्हटलं, "ताई, आठ दिवस न्या ना आईंना." तर, "आमच्याकडं कांद्याचा सीझन हाय, वहिनी." बारा महिने सीझन!

इंदिरानगरला ते केंद्र निघालं, स्मृतिभ्रंशाच्या माणसांना आठ-पंधरा दिवस ठेवून घेणारं, घरच्यांना विसावा मिळावा म्हणून. ठेवलं तुम्हाला. मी कुठे फिरायला गेले नाही. दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी दाढ काढून घेतली, वर्षभर ठणकत होती. तुम्ही तिथल्या मावशींकडून निमूट वेणी घालून घेत होतात. तेही मला झोंबलं, खोटं कशाला बोलू?

आणि हे सगळं कोणामुळे? तुमच्यामुळे! "मी माझ्या सासूला नऊ वर्षं अंथरुणात सांभाळलं, एक दिवस माहेरी गेले नाही." लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकवलंत. तेच तुमचं वाक्य घेऊन ताई माझ्या अंगावर येतात.

खरं काय होतं ते तुम्हीच एका दुपारी सांगितलंत. मी मेथी निवडत होते. थोरली बहीण समजून तुम्ही माझा हात धरलात. "अक्का, आठ दिवस ने गं मला इथून. म्हातारी मरत पण नाही, मलाच मारेल. कोणाला सांगू नकोस हं." हमसून रडलात. मी म्हटलं, "नेते गं बाई, नक्की नेते."

पंधरा दिवसांनी नेलं ते त्या केंद्रात. रिक्षात विचारलंत, "अक्का, म्हातारीपाशी कोण आहे?" मी म्हटलं, "आहेत माणसं. तू काळजी करू नकोस." किती वर्षांनी तुम्हाला मोकळं हसताना बघितलं!

रामकुंडावर यातलं अक्षर बोलले नाही. एवढ्या रागातही तुमची लाज राखली. मूर्खच मी!

परवा राखणार नाही. ताईंनी तोंड उघडलं की भर पंगतीत सांगेन, ताई, तुमच्या आईची एकच इच्छा राहिली होती आणि ती मी जिवंतपणीच पुरी केली. वचन देते, आई. कावळा शिवो न शिवो.

अक्का नव्हे,
तुमची सून
वैशाली