माझी किडनी आणि गच्चीवरचा कॅन

७ एप्रिल, सकाळी
प्रोजेक्टचा श्रीगणेशा. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं सबमिशन ३० एप्रिलला, १५ मेला लातूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जॉइनिंग. सबमिशन नाही तर नोकरी नाही, असं लॅबवाले स्पष्ट बोललेत. चाकूरला बाबांनी नोकरीचं अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलंय. म्हणजे निम्मं काम झालं.

विषय सोपा. रक्तात आम्ल वाढलं की किडनी ग्लुटामाइन नावाचं अमिनो ॲसिड फोडते, त्याचा अमोनिया करते. तो जादा आम्ल घेऊन लघवीतून बाहेर. वर रक्ताला आम्ल मारणारं बायकार्बोनेट परत. गाईड वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, प्रोटीननं आम्ल वाढतं, तर एकाला आठवडाभर भरपूर प्रोटीन दे, दुसऱ्याला नेहमीचं जेवण, मग दोघांची चोवीस तासांची लघवी जमवून अमोनिया मोज. प्रोटीनवाला अर्थात मी. दुसरा रूम पार्टनर रेवणसिद्ध, देगलूरचा.

१० एप्रिल
रोज दहा अंडी. भाजी बंद, फळं बंद. रेवणसिद्ध म्हणाला, आनंद्या, खोलीत लई वास येऊन राहिला. संशोधन म्हटलं की वास येणारच.

१४ एप्रिल
जयंती. दोन वाट्या खीर झाली. डेटात धरली नाही.

१५ एप्रिल, सकाळी ७
लॅब अटेंडंट शेषेरावमामांनी दोन कॅन आणि ॲसिडची बाटली दिली. दोन्ही कॅनमध्ये आधी ॲसिड घाला, कॅन थंड जागी ठेवा, असं दोनदा बजावलं. रेवणसिद्धच्या कॅनमध्ये घातलं. नियम म्हणजे नियम.

माझ्यात नाही घातलं. आपण मोजतोय काय, तर शरीरातलं आम्ल. त्यात बाहेरचं ॲसिड ओतलं तर संशोधनाला अर्थ काय? हे मामांना कळणार नाही. मीही बोललो नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं. उरलेल्या ॲसिडनं बाथरूमची फरशी घासली. चकाचक.

फ्रिज नाही. कॅन गच्चीवर ठेवले, तिथं वारा असतो.

१७ एप्रिल
कॅन भरून कालच तयार. मॅडम रजेवर, लॅब सोमवारी उघडणार. कॅन गच्चीवरच. आज बेचाळीस डिग्री.

२१ एप्रिल, दुपारी
मोजलं. माझा अमोनिया रेवणसिद्धच्या बारापट!! पुस्तक म्हणतं, प्रोटीननं थोडासा वाढतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनी चाकूरची किडनी पाहिलेली नाही.

ठरवलं: पेपर लिहायचा. नोकरी तात्पुरतीच करायची, पुढे पीएच.डी. बाबांना फोन करून सांगितलं, माझी किडनी वेगळी आहे. ते घाबरले. समजावता समजावता बॅलन्स संपला.

२३ एप्रिल
मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. भारावल्या असाव्यात.

मग त्यांनी माझा कॅन मागवला. मामांनी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरले. लाल लिटमस बुडवला, निळा झाला. मॅडम म्हणाल्या, एवढं आम्ल बाहेर टाकणाऱ्या माणसाची लघवी आम्लधर्मी हवी ना? मी म्हणालो, अपवाद असू शकतो. मामा म्हणाले, भाऊ, हे किडनीनं न्हाई केलं, उन्हानं केलंय. जंतूंनी युरियाचा अमोनिया केला. म्हणून तर ॲसिड घाला म्हणलो व्हतो.

बारापट जंतू. वाईट वाटलं. खूपच वाटलं.

पुन्हा करायचं ठरलं. सात दिवस अंडी, एक दिवस लघवी. मोजलं तर १ मे येतो. सहाच दिवस खातो म्हणालो. मॅडम म्हणाल्या, आता ऑक्टोबरला सबमिट कर, पण नीट कर.

२ मे
दोन्ही कॅनमध्ये ॲसिड घातलं. मामांनी लॅबच्या फ्रिजमध्ये जागा दिली. रिझल्ट आला: माझा अमोनिया थोडासा वाढलेला. पुस्तकात आहे तेवढाच.

म्हणजे किडनी पहिल्यापासून नीट काम करत होती. मीच करत नव्हतो. दोन चमचे ॲसिडचा प्रश्न होता.

लातूरला फोन केला. त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं.

मग चाकूरला. सगळं खरं सांगितलं. बाबा म्हणाले, जाऊ दे, तब्येत सांभाळ, रोज दोन अंडी खात जा.

हाव, खातो म्हणालो.