पंखा काढल्यावरची घरघर

येरवडा, पुणे
नोव्हेंबर २००६

आदरणीय सुशीलाताई,
नागोरावचा सविनय जय भीम.

नागपुरात थंडी सुरू झाली असेल. आपल्या गुडघ्यांना जपावं. माझी तब्येत ठीक आहे. (मी जेवतो की नाही हे अभिनव आपल्याला फोनवर कळवतो, हे मला ठाऊक आहे. जेवतो.) फोनवर मला दोन वाक्यांपुढे सुचत नाही, म्हणून लिहितो.

दुर्गाच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाला विहारात तिच्याच आवाजातली वंदना लावावी, अशी आपली इच्छा. विहारातल्या मुलांना पाठ व्हावी म्हणून तिने एका रविवारी दुपारी घरीच एक कॅसेट भरली होती. तिच्या आवाजाची तेवढीच कॅसेट आहे, आणि तिची फीत आता ताणली गेली आहे. म्हणून आपल्या चिरंजीवांनी, म्हणजे अभिनवने, ती संगणकावर उतरवून घ्यायला सांगितलं. मी टेपरेकॉर्डरसमोर माइक धरून उतरवली. ऐकतो तर तिच्या आवाजामागे घरघर.

दोष संगणकाच्या पंख्याचा, हे मी ताबडतोब ठरवलं. (मांजरी गावातल्या प्रयोगशाळेत नोकरी झाल्यामुळे कारण ठरवायला मला वेळ लागत नाही.) माझ्या संगणकात एकच पंखा, तोही वीज पुरवणाऱ्या पेटीत, आणि बिनपंख्याच्या पेट्या हल्ली मिळतात असं वाचलं होतं. तपकीर गल्लीत श्यामसुंदर नावाच्या दुकानदाराला विचारलं. लोक जादा पंखा मागतात, आहे तो काढा म्हणणारे तुम्ही पहिलेच, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. तरी मागवून दिली.

पहिली पेटी जड, अंगभर पत्र्याच्या पात्या. आवाज अजिबात नव्हता, पण इतकी तापली की संगणकावर ठेवलेला चहा निवेना (प्रयोग म्हणून ठेवला नव्हता), आणि वंदनेच्या मध्यावर संगणक बंद पडला. दुसरी थंड राहिली, पण तिच्यातून डास कानाशी यावा तसा बारीक सूर निघायचा. शेजारच्या मुक्ताईंनी खिडकीतून डासांची उदबत्ती देऊ केली. ती पेटी परत नेली तेव्हा श्यामसुंदरने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, पेटी ठीक आहे. कान बदलून मिळत नाहीत आमच्याकडे." तिसरी मात्र इतकी मुकी, की संगणक चालू आहे हेच न कळून मी तो दोनदा बंद केला. मग खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि घामाने निथळत वंदना पुन्हा उतरवली.

घरघर होतीच.

शनिवारी अभिनव हिंजवडीहून आला. हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसला. मग हळूच म्हणाला, "मावसाजी, हा पंखा मध्येच थांबतो, आवंढा गिळतो आणि परत सुरू होतो."

रविवारी दुपारी मी त्याच खोलीत पलंगावर असायचो. मी घोरतो असं दुर्गा जन्मभर सांगत आली, आणि मी पुरावा मागत आलो.

संगणकावर घोरणं पुसता येतं, असं अभिनव म्हणतो. तेव्हा आपण निश्चिंत असावं. विहारात वंदना स्वच्छ ऐकू येईल.

आपला,
नागोराव

ता. क. तिसरी पेटी ठेवून घेतली आहे. ती चांगली आहे, आणि श्यामसुंदरला खरं कारण सांगणं मला जमणार नाही.

आणखी एक. निश्चिंत असावं असं वर लिहिलं आहे, ते खोडलं समजावं. पंचशीलातल्या तिसऱ्या शीलानंतर दुर्गा थांबते आणि हळू आवाजात म्हणते, "अहो, कुशीवर व्हा." (घरघर ऐकण्याच्या नादात हे मी आधी ऐकलंच नव्हतं.) घरघर थांबते, आणि ती चौथं शील म्हणते, खोटं न बोलण्याचं. अभिनवच्या मते हे वाक्यही काढायला हवं, कार्यक्रमात बरं दिसत नाही. मी अजून त्याला कॅसेट किंवा संगणकावरची प्रत नेऊ दिलेली नाही. तो माझं ऐकणार नाही, आपलं ऐकेल. आहे तशीच लाव, असं आपण त्याला फोन करून सांगावं. लोक हसतील, हसू देत. तिने सांगितल्यावर मी कुशीवर झालो, हेही त्यांना ऐकू येईल.